ओळ कोणाची, रुंदी कोणाची?

छंदःशास्त्रात यतिभंग नावाचा एक दोष सांगितला आहे. चरणात जिथे क्षणभर थांबायचे असते ती यतीची जागा; ती एखाद्या शब्दाच्या पोटात आली की यतिभंग होतो. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर थांबायचे असते. तिथे शब्द अपुरा राहिला तर म्हणणाऱ्याने एकतर शब्द तोडावा नाहीतर चाल मोडावी, तिसरा मार्ग नाही. माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'चे (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) ऋण मानत आपण हे सारे एम.ए.च्या वर्गात शिकवतो आणि विद्यार्थी ते टिपेपुरते पाठ करतात. मीही या दोषाकडे बरीच वर्षे तेवढ्याच अलिप्तपणे पाहत आले. संगणकाच्या पडद्यावर हा दोष रोज घडतो आणि त्यात मीही भागीदार आहे, हे कळायला एक हानी व्हावी लागली.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने माझ्या मार्गदर्शनाखाली धानरोवणीच्या गाण्यांचे संकलन केले. ती वैनगंगेकाठच्या गावातली. गाणी तिच्या आजीची आणि आजीबरोबर बांधीत वाकलेल्या बायकांची. तिने ती मोबाइलवर मुद्रित केली आणि पुन्हा पुन्हा ऐकून संगणकावर उतरवली. टाइप करताना पडद्यावरच्या पानाची उजवी कड आली की ती 'एंटर' दाबत असे आणि गाणारीने श्वास घेतला की तेव्हाही 'एंटर' दाबत असे. दोन्ही ठिकाणी खूण एकच. ए-फोर कागदावर सारे ठीक दिसले. मी वाचले, दुरुस्त्या केल्या, सही केली. पुढे त्याची पुस्तिका करायचे ठरले आणि पानाचा आकार लहान केला. तेव्हा जवळजवळ प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन-तीन शब्द खाली घसरले आणि एकटे उभे राहिले. त्यानंतर पुन्हा नवी ओळ, पुन्हा तसेच घसरलेले शब्द. गाणी वाचणे अशक्य झाले.

मी ती पाने घेऊन संगणकशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडे गेले. त्याने क्षणभर पाहिले आणि विचारले, "मॅडम, यातली गाण्याची एंटर कोणती आणि कागदाची कोणती?" मला सांगता आले नाही. विद्यार्थिनीलाही आठवेना. मधल्या काळात तिचा मोबाइल बदलला होता आणि जुन्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत कोणी ठेवली नव्हती. आजीही राहिली नव्हती. शब्द सगळे होते. आजी कुठे थांबत असे, एवढेच गेले होते. आणि गाण्यात तेच तर गाणे असते.

त्या सहकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नावर प्रोग्रॅमर मंडळी गेली कित्येक दशके भांडत आहेत, हे मला नंतर कळले. कोडची ओळ किती लांब असावी, ती कडेला गेली तर लिहिणाऱ्याने स्वतः मोडावी की एडिटरला गुंडाळू द्यावी, यावर त्यांच्यात आपल्या शुद्धलेखनाच्या वादाइतकी कडवी मते आहेत. हा वाद साहित्याच्या माणसाने ऐकण्यासारखा आहे असे माझे मत आहे. त्यात ओळ या संकल्पनेचा जितका बारकाईने विचार झाला आहे, तितका आपल्या विभागांत अलीकडे क्वचितच होतो.

या वादाचा पाया असा. टेक्स्ट एडिटरमध्ये ओळ दोन प्रकारे संपते. एक, लिहिणाऱ्याने 'एंटर' दाबून ती संपवली आणि ती खूण मजकुरात कायमची नोंदली गेली. दोन, खिडकीची रुंदी संपली म्हणून एडिटरने उरलेले शब्द खाली दाखवले. मजकुरात काहीही बदलले नाही, खिडकी रुंद केली की शब्द परत वर जातात. पहिला मोड लेखकाचा, दुसरा माध्यमाचा. नोटपॅडमधल्या 'वर्ड रॅप'पासून व्हिम आणि ईमॅक्ससारख्या जुन्याजाणत्या एडिटरांपर्यंत सगळीकडे हा भेद पाळलेला असतो. ईमॅक्स तर गुंडाळलेल्या ओळीच्या टोकाशी एक वळता बाण दाखवतो. 'ही ओळ संपलेली नाही, मी फक्त खाली आणली आहे' असे तो बाण सांगतो. व्हिमचा मूळ स्वभाव मात्र धसमुसळा आहे. मुद्दाम सांगितले नाही तर जिथे जागा संपते तिथेच तो शब्द मधोमध तोडून खाली आणतो. यतिभंगाचे इतके स्वच्छ उदाहरण मला वृत्तबद्ध कवितेत शोधूनही मिळाले नसते.

ओळीच्या लांबीचा नियम आला तोही माध्यमाकडूनच. १९२८ साली आयबीएम कंपनीने आपल्या छिद्रपत्रिकेचा आकार तोच ठेवून छिद्रे आयताकृती केली आणि स्तंभांची संख्या ४५ वरून ८० वर नेली. फोरट्रान भाषेत यातले पहिले ७२ स्तंभ मजकुराला आणि शेवटचे आठ अनुक्रमांकाला वापरत. पत्रिकांचा गठ्ठा हातातून पडला तर त्या क्रमांकांवरून तो पुन्हा लावता यावा, ही सोय होती. पोथीच्या सुट्या पानांवर पत्रांक घालणाऱ्या लेखनिकाला ही काळजी लगेच समजली असती. पत्रिका गेल्या, १९७०च्या दशकात पडदे आले, तेही ८० स्तंभांचे. पुढे पडदे रुंद झाले, तरी आकडा राहिला. पायथॉन भाषेची २००१ पासूनची लेखनसंहिता ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा घालते. लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये ८०च्या पुढे गेल्यावर मिळणारी सूचना २०२० साली १००वर नेली गेली, आणि त्यावरही पुष्कळ चर्चा झाली.

रूढी म्हणून हा आकडा टाकून द्यावा, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, लांब ओळीवरून डोळा परत येताना चुकतो, आखूड ओळ वाचायला बरी. मला दोन्ही पक्ष अर्धे वाटतात, कारण दोघेही रुंदीविषयी बोलतात. खरा प्रश्न मोडण्याच्या जागेचा आहे, आणि त्याच संहितांचे पोट वाचले तर हा विचार तिथे सापडतो. लिनक्सच्या लेखनसंहितेत लांबीचा नियम सांगून लगेच एक अपवाद दिला आहे: वापरणाऱ्याला दिसणारा संदेश, ओळ कितीही लांब झाली तरी, मधे मोडू नये. मोडला तर तो पुढे शोधणाऱ्याला सापडत नाही. पायथॉनच्या संहितेत लांब गणिती पदावली मोडताना अधिक-उण्याचे चिन्ह वरच्या ओळीच्या शेवटी ठेवावे की खालच्या ओळीच्या आरंभी, याची चर्चा आहे. २०१६ साली मत बदलून ते खालच्या ओळीच्या आरंभी ठेवावे असे ठरले. 'आणि' हा शब्द चरणाच्या शेवटी लोंबकळावा की पुढच्या चरणाच्या तोंडी यावा, हा प्रश्न ज्या कवीला कधी पडला असेल त्याला हे वाचून परके वाटणार नाही. ब्रायन कर्निहान यांनी तर १९७४ साली युनिक्सच्या नवशिक्यांसाठी लिहिताना सल्ला दिला होता की मजकूर टाइप करताना प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे आणि ओळ स्वल्पविरामासारख्या स्वाभाविक जागी मोडावी. पुढे बदल करणे त्यामुळे सोपे जाते.

कोडमध्येही गद्य आणि पद्य असा भेद आहे, हे मला या निमित्ताने उमगले. सी भाषेत विधान अर्धविरामाने संपते, ओळीने नाही. एकच विधान चार ओळींत लिहा की एका, यंत्राला फरक पडत नाही. पायथॉनमध्ये ओळ संपली की सहसा विधान संपते, आणि ओळीच्या आधी सोडलेली जागाही अर्थ बदलते. पहिली भाषा आपल्या पोथीसारखी आहे, दुसरी मुक्तछंदासारखी.

पोथीचे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. हस्तलिखित पोथीत ओवी ओळीत बसवलेली नसते. लेखनिक पत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग लिहीत जातो, कड आली की शब्द मोडून खालच्या ओळीवर येतो. चरण किंवा ओवी संपल्याची खूण तो दंडाने आणि क्रमांकाने करतो. पत्राची रुंदी ही कागदाची बाब, ओवीचा शेवट ही ग्रंथाची बाब. म्हणूनच ज्ञानेश्वरीचा संदर्भ आजही अध्याय आणि ओवीच्या क्रमांकाने दिला जातो. पृष्ठांक दिला तर आवृत्ती सांगावी लागते. ओवीचा क्रमांक आवृत्ती आणि पानाचा आकार बदलला तरी आपल्याला जागेवर नेऊन सोडतो. एडिटरच्या भाषेत बोलायचे तर पोथीकाराने रॅप माध्यमावर सोडला होता आणि एंटर दंडासाठी राखून ठेवली होती.

आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण द्यायचे तर नागभीडजवळच्या देवटेकची शिळा आहे. एकाच शिळेवर दोन काळांतले दोन लेख: एक अशोककालीन वळणाच्या ब्राह्मीतला, दुसरा वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या संग्रहात (१९६३) या लेखाचा समावेश केला आहे. अशा संग्रहातले कोणतेही पान उघडून पाहावे. शिळेवरची किंवा ताम्रपटावरची ओळ कुठे संपते ते संपादक ओळींच्या क्रमांकाने दाखवतो, शब्द ओळीच्या टोकाशी तुटला असेल तर जोडरेषा देतो, आणि लेखात श्लोक असतील तर त्यांना वेगळे क्रमांक घालतो. कोरणाऱ्याची ओळ आणि रचणाऱ्याचा चरण, दोघांचीही नोंद राहते आणि एकीत दुसरी मिसळत नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या संकलनात नेमके हेच व्हायला हवे होते, आणि मी कोरीव लेखांच्या संपादनाची पद्धत शिकवूनही ते मला सुचले नाही.

ही शिस्त आपल्याकडून केव्हा सुटली? माझ्या अंदाजाने टंकलेखन यंत्राने ती सोडवली. समासाजवळ घंटी वाजली की हाताने गाडी मागे ढकलायची, ही सवय टाइपिंगच्या वर्गांतून बोटांत उतरली. यंत्रावर ते योग्यच होते, कारण तिथे कागद एकच आणि रुंदी एकच. संगणकावर रुंदी कायमची नसते. आज लिहिलेला मजकूर उद्या पुस्तिकेत, परवा कोणाच्या तरी हातातल्या लहानशा पडद्यावर जाणार असतो. तरी आपली बोटे न वाजणारी घंटी ऐकून 'एंटर' दाबतात.

कोणी म्हणेल, गद्यात हे चालून जाते, वाचक सांभाळून घेतो. गद्यात चालेलही. मुक्तछंदात मात्र ओळ हे कवीच्या हातातले फार मोठे साधन आहे. अनिलांनी 'भग्नमूर्ती' (१९४०) लिहिली तेव्हा वृत्ताचा आधार सोडून लयीचा भार ज्या घटकांवर टाकला, त्यात ओळ कुठे थांबते हा एक प्रमुख. अशी कविता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की अरुंद पडद्यावर तिच्या लांब ओळी गुंडाळल्या जातात आणि कवीने मोडलेली ओळ कोणती, फोनने मोडलेली कोणती, हे वाचकाला कळायला मार्ग राहत नाही. छापखान्यात यावर जुना तोडगा होता: न मावलेला भाग खालच्या ओळीत आत सरकवून लावत, म्हणजे तो नवा चरण नाही हे दिसे. कोडचे एडिटर हेच करतात. मराठी कविता प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळांना हे करणे अवघड नाही, फक्त ते करावेसे वाटले पाहिजे.

मौखिक परंपरेत हा प्रश्न आणखी गंभीर होतो. छापील कवितेची मूळ प्रत पाहता येते. गाणाऱ्या बाईची मूळ प्रत म्हणजे तिचा श्वास. हेमा रायरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि आज त्या लिखित रूपाबरोबर काही ठिकाणी ऐकायलाही मिळतात. तिथे लिहिलेली ओळ आणि गायलेली ओळ ताडून पाहता येते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत रोवणीची गाणी, दंडारीतली गाणी, गोंडी आणि माडिया रेला यांचे संकलन बहुतेक वेळा एकेकट्या विद्यार्थ्याच्या हातून होते. झाडीपट्टीच्या नाटकांचेही तसेच. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंज भागातून हंगाम सुरू होतो, तालमींना वेळ थोडा, म्हणून प्रॉम्प्टरवर नटांची मोठी भिस्त. प्रॉम्प्टरच्या हातातल्या संहितेत ओळ नको तिथे मोडली तर त्याचा परिणाम रंगमंचावर ऐकू येतो.

राहिला अक्षरांच्या मोजणीचा मुद्दा. ७९ अक्षरांची मर्यादा म्हणताना प्रोग्रॅमरच्या मनात रोमी अक्षर असते. देवनागरीत काय मोजायचे? 'ज्ञानेश्वरी' हा शब्द आपल्या कानाला चार अक्षरांचा: ज्ञा, ने, श्व, री. युनिकोडच्या हिशेबात त्यात अकरा वर्णचिन्हे आहेत, आणि साठवताना रूढ पद्धतीने तेहतीस बाइट लागतात. 'चंद्रपूर' चार अक्षरांचे, आठ चिन्हांचे, चोवीस बाइटांचे. शार्दूलविक्रीडितातला अख्खा श्लोक ७६ अक्षरांचा, म्हणजे छंदःशास्त्राच्या मोजणीने छिद्रपत्रिकेच्या एका ओळीत चार चिन्हांची जागा ठेवून बसणारा. यंत्राच्या मोजणीने तो कितीतरी पुढे निघून जातो. जे एडिटर अक्षराऐवजी चिन्ह मोजून ओळ तोडतात त्यांच्या हातून कधी व्यंजन वर राहते आणि मात्रा खाली एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकते. ताम्रपट कोरणाऱ्याने शब्द खुशाल मोडला, पण अक्षर सहसा मोडले नाही. अक्षर हा आपल्या लिपीचा अविभाज्य घटक आहे, हे त्याला कोणी समजावून द्यावे लागले नाही. मसराम गोंडी लिपी २०१७ साली आणि गुंजाळा गोंडी २०१८ साली युनिकोडमध्ये आली. जोडाक्षरे असलेल्या या लिप्यांतही हा प्रश्न उद्या उभा राहणार आहे. तो मांडण्याचे काम तंत्रज्ञांइतकेच भाषेच्या अध्यापकांचेही आहे.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे. वर्गात विद्यार्थी कमी, ग्रंथालयात पुस्तके कमी, आणि तुम्ही 'एंटर'च्या कळीवर लेख लिहिता? पाठसंपादन म्हणजे काय, असे मी उलट विचारीन. पोथीतला एक काना मूळचा की लेखनिकाचा, यावर आपण प्रबंध लिहितो. सातशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाने केलेली सरमिसळ सोडवण्यात हयात घालवायची आणि आपण स्वतः आज तीच सरमिसळ करून पुढच्यांसाठी ठेवायची, यात मला विसंगती दिसते. त्या लेखनिकाकडे निदान दंड होता.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या मोडीला अर्थ आहे ती मोड लिहिणाऱ्याने करावी आणि दुसऱ्या कोणी तिला हात लावू नये. ज्या मोडीला अर्थ नाही ती लिहिणाऱ्याने करूच नये. ती वाचणाऱ्याच्या पडद्यावर सोडावी. कोडमध्ये जवळपास प्रत्येक मोडीला अर्थ असतो, म्हणून प्रोग्रॅमरने ती स्वतः करणे योग्य, मग मर्यादा ऐंशीची असो की शंभराची. गद्यात परिच्छेदाखेरीज 'एंटर' नको. गाण्यात चरण संपला तरच 'एंटर', आणि गाणारी थांबली पण चरण संपला नाही तर त्यासाठी वेगळी खूण ठरवावी, ती पहिल्या पानावर सांगावी. कडवी आणि चरण यांना क्रमांक द्यावेत. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात. लोकसाहित्याचे प्रकल्प सुरू करताना पहिल्या तासाला हे सांगायला दहा मिनिटे पुरतात.

ती पुस्तिका अखेर निघाली. गाणी आम्ही सलग लिहिली, पोथीसारखी, आणि जिथे यमक किंवा ध्रुपद यांवरून चरणाची खात्री पटली तिथेच दंड घातला. इतर ठिकाणी काही घातले नाही. सुरुवातीला एक टीप आहे: चरणांची ही विभागणी संकलकांची आहे, गाणाऱ्या बाईंची नाही. त्या टिपेखाली विद्यार्थिनीने आपले नाव घातले. मग तिच्या नावाच्या वर मी माझे घातले.